सबंध आठशे

भाग्यश्रीने डब्याचे झाकण उघडून पोळीचा पहिला तुकडा मोडला आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर अभिनवचे नाव होते. तिने ते वाचले, पुन्हा वाचले आणि तुकडा तसाच डब्यात ठेवून दिला. जपानला गेलेल्या तिच्या या धाकट्या भावाने गेल्या चार वर्षांत घरातल्या कुणालाही फोन केला नव्हता.

"ताई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "कोण गेलं?"

"काय?"

"आपल्या घरातलं कोण गेलं? आई?"

समोर बसलेला ऑफिसातला रोहन पेढ्यांचा पुडा पुढे करत होता, तो तिचा चेहरा पाहून थांबला. भाग्यश्री उठली. खुर्ची मागे आपटली, तिकडे तिने पाहिलेही नाही. वारज्यातल्या त्या इमारतीच्या गच्चीवर येऊन तिने दार लोटून घेतले. खाली हायवेवरून ट्रक धडधडत चालले होते.

"अभि, अरे काय बोलतोयस तू? कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी."

"बाबांनी? बाबांनी फोन केला तुला?"

"फोन कुठला. पैसे आले त्यांचे. माझ्या वाढदिवसाचे, गेमपेठवर. आठशे येन. सबंध आठशे, ताई."

भाग्यश्रीने कठड्याला घट्ट धरले. सबंध या शब्दाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता. दोघेही एकाच बापाच्या हाताखाली वाढले होते.

कोंडीराम वाशीमकडून पुण्याला आले, स्वारगेटच्या एसटी आगारात मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गाव सुटले, पण गावची रीत त्यांनी सोडली नाही. लग्नाला, बारशाला, वाढदिवसाला पाकीट द्यायचे तर त्यात वर एक रुपया हवाच. एकशेएक, पाचशेएक. वरचा रुपया म्हणजे पुढे चालू राहो, वाढत राहो. आणि ज्या घरात माणूस गेले त्या घरी द्यायचे तर सबंध आकडा. तिथे वर काही ठेवायचे नाही, कारण तिथे पुढे काही चालू राहायचे नसते. अभिनव लहान असताना एकदा शेजारच्या तेरवीला त्याने आपल्या खिशातले नाणे त्या पाकिटात हौसेने टाकले होते. कोंडीरामांनी तिथल्या तिथे त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. पुढे साऱ्या आयुष्यात त्यांनी मुलावर हात उगारला नाही, पण तो एक धपाटा पोराच्या अंगात कायमचा राहिला.

आणि हे पैसे गेले होते भाग्यश्रीच्या कंपनीच्या दुकानातून. गेमपेठ हे त्यांचे कॉम्प्युटरवरच्या खेळांचे दुकान. कालपर्यंत तिथे फक्त रुपया चालायचा. इथून पाचशेएक पाठवले की जगाच्या कुठल्याही टोकाला पाचशेएकच दिसायचे. आता येन, युरो, डॉलर, झाडून सगळी चलने आली होती. ज्याला भेट पाठवायची त्याच्या देशाच्या पैशात ती पोचत होती. रोहनने पेढे वाटले ते त्यासाठीच. पाचशेएक रुपयांचे सातशे ऐंशीच्या आसपास येन व्हायचे. असले ओबडधोबड आकडे भेटीच्या पाकिटावर बरे दिसत नाहीत, गोल करून टाकू, वरखाली होईल ते कंपनी सोसेल, असे मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवले होते आणि ते सगळ्यांना पटले होते.

सुचवणारी भाग्यश्रीच होती.

हे ध्यानात आले तसे तिला एकदम हसू फुटले. छातीवरचा धोंडा उतरला.

"अरे वेड्या, ते मी केलं! बाबांनी पाचशेएकच पाठवले असणार. आमच्या सिस्टीमनं ते गोल केले. कालच सुरू झालंय. बाबांचा काही संबंध नाही त्यात. घरी सगळं ठीक आहे."

तिने पडद्यावर पाहिले, फोन चालूच होता.

"अभि? ऐकलंस ना? सगळं ठीक आहे."

"आजीच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस," अभिनव म्हणाला. "अगदी याच आवाजात."

भाग्यश्रीचे हसू विरून गेले.

अभिनवला आजीने वाढवले होते. तो जपानला नोकरीवर रुजू झाला त्याच महिन्यात आजी गेली. कोंडीरामांनी घरात फर्मान काढले, तेरवी होईपर्यंत पोराला कळवायचे नाही. लेकरू परक्या मुलखात एकटे आहे, तिथे कुणाच्या गळ्यात पडून रडेल? त्याचा फोन आला की घरातले बाकीचे उचलत नसत, मागाहून नेटवर्क नव्हते म्हणत, आणि भाग्यश्रीने उचलला तर ती सांगायची, आजी झोपली आहे रे, औषधाची गुंगी असते. आजीच्या फोटोला हार घातलेला होता आणि त्या फोटोसमोर उभी राहून ती हे सांगायची. शेवटी त्याला कळले ते गावाकडच्या एका चुलतभावाकडून. त्या दिवशी त्याने घरी फोन करून एवढेच म्हटले, "तुम्ही मला परका केलंत." त्यानंतर तो बोललाच नाही. बापाने बँकेतून पाठवलेले पैसे त्याने परत केले. गेमपेठवरून पाठवलेले मात्र परत केले नाहीत. तो मार्ग भाग्यश्रीनेच वडिलांना दाखवला होता. कोंडीराम दर वाढदिवसाला स्वतः बसून, चष्मा सावरत, एकेक बटण दाबून ती भेट पाठवत. मजकूर लिहायची चौकट कोरीच ठेवत. मग "भेट स्वीकारली" अशी अक्षरे उमटेपर्यंत पडद्यासमोरून हलत नसत. बापलेकाचे बोलणे म्हणायचे ते एवढेच उरले होते.

"तेव्हाचं वेगळं होतं, अभि," ती हळू म्हणाली. "आत्ता मी खोटं बोलत नाहीये."

"मग घरचे फोन का उचलत नाहीत? सकाळपासून लावतोय मी. आईचा बंद आहे. बाबांचा नुसता वाजतोय."

"असतील कुठंतरी. बाजारात गेले असतील."

"तेव्हा नेटवर्क नव्हतं, आता बाजारात गेलेत." त्याचा श्वास ऐकू येत होता. "मला दोघांना समोर बघायचंय. व्हिडिओवर. एका वेळी दोघांना. नाही दाखवलंस तर मी रात्रीच्या विमानानं निघतो आणि जे असेल ते येऊन बघतो. पण मग यानंतर तुमच्यापैकी कुणाचंच तोंड बघणार नाही."

फोन बंद झाला.

भाग्यश्रीने आईला फोन लावला. बंद. वडिलांना लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तसेच. आत येऊन तिने स्कूटरची किल्ली उचलली.

"काय झालं? एनी प्रॉब्लेम?" रोहनने विचारले. "आणि डबा?"

"घरी जाऊन येते. रोहन, ते भेटीचे आकडे गोल करतोय ना आपण, ते आत्ताच्या आत्ता बंद कर."

"अगं पण ते तर तुझंच फीचर आहे. युजर्सना जाम आवडलंय."

"एका युजरला नाही आवडलं," ती म्हणाली आणि जिना उतरली.

कर्वे रस्त्यावर मेट्रोचे पत्रे लागले होते आणि गाड्या मुंग्यांसारख्या सरकत होत्या. भाग्यश्री मनाशी हिशेब लावत होती. आईचा फोन बंद का? आई फोन कधी बंद करत नाही, तिला तो बंद करता येतच नाही. कुणीतरी करून दिला पाहिजे. आणि बाबा फोन खिशात ठेवतात, पहिल्या घंटेला उचलतात. रविवारी ती माहेरी गेली होती तेव्हा आई नेहमीसारखीच होती. होती का? ती तर जेवून, हात धुऊन, काय नवे चालले आहे ते कंपनीचे पुराण सांगून निघाली होती. आई काय बोलली ते तिला काही केल्या आठवेना. मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला आणि "मॅडम, झोपायचं तर घरी झोपा" असे सुनावून पुढे गेला.

कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी तिने स्कूटर लावली. आत कुठेतरी पातेल्यावर हातोडी पडत होती, ठण ठण ठण. ती तो बोळ जवळजवळ धावतच गेली. घराला कुलूप होते.

ती दोन्ही हातांनी दार वाजवू लागली. कुलूप समोर दिसत असूनही वाजवत राहिली.

"दार बडवून कुलूप उघडत नसतं," शेजारच्या खिडकीतून आवाज आला. मंदाकिनीकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. "किल्ली लागते त्याला."

"काकू, आईबाबा कुठे गेलेत?"

"मला सांगून जायला मी काय त्यांची चौकीदार आहे?" असे म्हणून काकूंनी ताट बाजूला ठेवले, कारण एवढ्यात त्यांना भाग्यश्रीचा चेहरा दिसला होता. मग त्यांचा आवाज उतरला. "सकाळी सकाळीच रिक्षानं गेले गं. मी म्हटलं, विमलाबाई, चहा टाकलाय, घोटभर घेऊन जा. तर नको म्हणाल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. तुझे वडील तर अशा घाईत होते की चपला उलटसुलट घालून निघाले."

"कोण आजारी होतं? आई की बाबा?"

"मला तर दोघंही धडधाकट दिसले. अगं, पण झालंय काय?"

भाग्यश्री पायरीवर बसली. अभिनवने विचारलेला प्रश्न आता तीच विचारत होती, हे तिच्या लक्षात आले. फोन पुन्हा थरथरला. अभिनवचा निरोप होता. "घरी पोचलीस?" ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. कुलूप आहे असे खरे लिहावे तर तो तिकडे कोसळेल, आणि खोटे तर आता लिहिता येत नव्हते.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

आधी कोंडीराम उतरले. मग त्यांनी हात दिला आणि विमलाबाई उतरल्या. भाग्यश्री उठून धावली आणि दोघांच्या मध्येच जाऊन उभी राहिली, एक हात आईच्या खांद्यावर, एक वडिलांच्या दंडावर. तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होते.

"कुठं होता तुम्ही? फोन का उचलत नाही?"

विमलाबाई दचकून अर्धे पाऊल मागे सरल्या आणि त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. "अगं हळू! बाप्पा, काय झालं या पोरीला? तू आज इथं कशी?"

"बँकेत गेलो होतो," कोंडीराम म्हणाले. "तिथं फोन बंद ठेवावा लागतो."

"तुमचा तर वाजत होता."

"गर्दीत ऐकू नाही आला."

काकू खिडकीतून म्हणाल्या, "बघ, आले ना? बँक काय, सकाळी सातलाच उघडते हल्ली. आमच्या वेळी नव्हती बाई अशी सोय." पण भाग्यश्रीचे तिकडे लक्ष नव्हते. दोघे जिवंत होते, आपल्या पायांवर उभे होते. त्यापलीकडे तिला काही ऐकू येत नव्हते.

आत गेल्यावर विमलाबाईंनी चहा टाकला आणि कप हातात येताच घाईघाईने, दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. भाग्यश्रीने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. अभिनवचा फोन, आठशे येन, तिने बसवलेला तो नियम. कोंडीराम ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी पाचशेएकच पाठवले होते," ते म्हणाले. "बटण दाबायच्या आधी मी पुन्हा वाचून पाहिलं होतं."

"माहीत आहे, बाबा. चूक माझी आहे."

"त्याला वाटलं, मी... असं कळवलं? त्याला वाटलं, त्याचा बाप त्याला असं कळवेल?"

"त्याला काहीही वाटू दे, तो बोलला ना!" विमलाबाई कप ठेवून पुढे आल्या. डोळे पाण्याने भरले होते, पण चेहरा उजळला होता. "चार वर्षांनी बोललं माझं लेकरू. लाव, लाव त्याला फोन. थांब, मी कुंकू नीट करते. नाहीतर म्हणेल, आई कशी दिसते."

भाग्यश्रीने दोघांना खाटेवर शेजारी शेजारी बसवले आणि फोन समोर धरला. पहिल्या घंटेलाच अभिनव दिसला. तो कुठल्या तरी जिन्यात बसला होता. दाढी वाढली होती. दोघांना पाहून त्याने तोंडावर हात धरला आणि बराच वेळ तो हात तसाच ठेवला.

"किती वाळलं हे पोर!" विमलाबाई म्हणाल्या. "काय खातोस रे तिथं?"

"आई," तो म्हणाला. मग पुन्हा, "आई."

"आहे रे मी. ही बघ. आणि हे बघ तुझे बाबा. धडधाकट आहेत, भांडायला कमी नाहीत."

अभिनव हसला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. कोंडीराम पडद्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या ओठांची नुसती हालचाल होत होती.

"बघितलंस?" भाग्यश्री म्हणाली. तिच्या अंगातला सगळा ताण एकदम सैल पडला होता. "दोघंही आहेत. सांगत होते ना मी, सगळं ठीक आहे म्हणून?"

"हो," अभिनव म्हणाला. पण त्याची नजर वडिलांवरून हलली नव्हती. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणा एकदा, सगळं ठीक आहे."

बाहेर तांबटाची हातोडी पडत होती.

"सांगा ना," विमलाबाईंनी नवऱ्याला कोपराने हलकेच ढोसले. "पोरगं विचारतंय."

कोंडीरामांनी बायकोकडे पाहिले. विमलाबाईंनी मान इतकी किंचित हलवली की शेजारी उभ्या असलेल्या भाग्यश्रीला ती जेमतेम दिसली. नको, असे ती मान म्हणत होती.

"नाही," कोंडीराम म्हणाले.

"अहो!"

"ठीक नाही, अभि." त्यांनी पुढे वाकून भाग्यश्रीच्या हातातला फोन स्वतःच्या हातात घेतला. "तुझ्या आईच्या छातीत गाठ निघाली आहे. आज तपासण्या झाल्या. सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, लवकर सापडलं. पण नेमकं काय ते ऑपरेशन झाल्यावर कळणार. तुला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. तुझ्या ताईलाही सांगितलं नव्हतं. ही उभी आहे इथं, तिलाही आत्ताच कळतंय."

भाग्यश्रीने आईकडे पाहिले. पदर घट्ट ओढलेला होता. रविवारचे सगळे तिला आता आठवले, आईने एका हाताने वाढलेले, एका हाताने उचललेले. तिने भिंतीला पाठ टेकली. मघापासून ती ज्याला शपथेवर सांगत होती, तो तिकडे स्तब्ध बसला होता. चित्र अडकले असेल असे तिला वाटले. मग त्याने डोळ्यांची उघडझाप केली.

"झालं समाधान?" विमलाबाई नवऱ्यावर चिडल्या. "आता ते लेकरू तिथं एकटं बसून रडेल. कुणी आहे का जवळ त्याच्या?"

"रडू दे," कोंडीराम म्हणाले. "त्याची आई आहे ती."

विमलाबाईंनी उठायचा प्रयत्न केला, मग राहवले नाही म्हणून पुन्हा बसल्या आणि मान वाकडी करून नवऱ्याच्या हातातल्या पडद्यात डोकावू लागल्या.

"आमचं सांगून झालं," कोंडीराम फोन आणखी जवळ धरून म्हणाले. "आता तू सांग, बाळा. तू कसा आहेस?"

"मी ठीक..." अभिनव म्हणाला आणि थांबला.

त्याने जिन्यात वरखाली पाहिले, कुणी येत नाही ना याची खात्री केली, आणि फोन दोन्ही हातांत नीट धरला.